साहेब रजेवर आहेत

काकांच्या घरात कुणालाही एकतर्फी रागावता येत नसे. दूध उतू गेलं की काकू धावत जाऊन गॅस बंद करत आणि काका पेपर बाजूला ठेवून विचारत, "त्या वेळी स्वयंपाकघरात कोण कोण हजर होतं?"

"मी होते. आणि दूध होतं," काकू म्हणत.

काका गंभीरपणे मान हलवत. दुधाची बाजू ऐकायची काही सोय नाही, याचं त्यांना खरोखर वाईट वाटत असावं.

बँकेनं माझी बदली भोरला केली तेव्हा मी त्यांची मागची खोली भाड्यानं घेतली. कापूरहोळला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, गावापासून जरा बाजूला ती कॉलनी होती. फाटक, वॉचमन, एक विहीर, एक गणपती मंडळ आणि एक चेअरमन, असा सगळा सरंजाम. काका तिथं बैठं घर बांधून राहिले होते. नोकरी सगळी कोर्टात झालेली. न्यायाधीश उंचावर बसतात आणि त्यांच्या पुढ्यात, खाली, टेबल टाकून एक माणूस बसतो. कागद वर देतो, खाली घेतो आणि शेवटी पक्षकारांना पुढची तारीख सांगतो. त्याला बेंच क्लार्क म्हणतात. काका जिल्ह्यातल्या निरनिराळ्या कोर्टांत बेंच क्लार्क होते. ओळख करून देताना ते म्हणत, "मी कुणाला न्याय दिलेला नाही. मी तारखा दिल्या."

कॉलनीत पाठीमागे त्यांना नुसतं 'कोर्ट' म्हणत. "कोर्ट फिरायला निघालं," "कोर्टाला वडा देऊ नका, पित्त होतं," असं चालायचं. संध्याकाळी बाकड्यावर मंडळी जमली आणि कुणी म्हणालं की अमक्याची सून घर सोडून गेली, तर काका विचारत, "त्या इथं हजर आहेत का?"

"नाहीत."

"मग पुढचा विषय घ्या."

पुढचा विषयही बहुधा कुणाची तरी सूनच असे. त्यामुळे काका फाटकातून वळताना दिसले की बाकडं हळूहळू रिकामं होई.

दुसरी खोड म्हणजे ते सगळ्यांना अहो-जाहो करत. भांड्यांना येणारी मावशी, इस्त्रीवाला, भंगारवाला, सगळ्यांना. कॉलनीतल्या भटक्या कुत्र्यालाही "अहो, सरका जरा," म्हणताना मी त्यांना ऐकलं आहे. एकदा मी कारण विचारलं.

"कोर्टात वकील एकमेकांना 'माझे विद्वान मित्र' म्हणायचे," काका म्हणाले. "आणि ज्याची जमीन चाललीय त्या म्हाताऱ्याला, 'ए, पुढं हो!' मी इतकी वर्षं मुकाट ऐकलं. आता माझ्या कानात 'ए'ला जागाच उरलेली नाही."

माझ्या मोरीतला नळ गळायचा. मी तक्रार घेऊन गेले तर काकांनी हात जोडले. "घरमालक मीच. म्हणजे तक्रार माझ्याविरुद्ध. मी ती ऐकणं बरोबर दिसणार नाही. तुम्ही काकूंकडे दाद मागा." काकूंनी प्लंबरला फोन केला आणि दुपारी नळाचं गळणं थांबलं. काका मात्र आठवडाभर अस्वस्थ होते, कारण घरमालकाचं म्हणणं कुणीच विचारलं नव्हतं.

आमचे चेअरमन म्हणजे काकांचं बरोबर उलटं टोक. ते कंपनीतून लवकर निवृत्ती घेऊन आलेले. माणूस उत्साही, माईक दिसला की हात आपोआप पुढे जाणारा. एकदा त्यांनी कॉलनीत कायद्याचं शिबिर भरवलं. 'न्याय सर्वांसाठी' असा फलक, त्यावर चेअरमनांचा फोटो न्यायदेवतेपेक्षा थोडा मोठा. पुण्याहून आलेल्या वकीलसाहेबांनी तासभर भाषण केलं. त्यात मराठी क्रियापदं होती, बाकी सगळं इंग्रजी. समोर बसलेले आम्ही सगळे पेन्शनवाले, पगारवाले आणि बंगलेवाले. पाहुण्यांच्या गाड्या लावायच्या म्हणून त्या दिवशी भाजीवाल्या बायकांना फाटकाबाहेर थांबवलं होतं. काका प्रश्नोत्तरांत उभे राहिले.

"भाषण उत्तम झालं. फक्त ज्यांच्यासाठी होतं ते बाहेर आहेत. त्यांना आत घ्यायचं की आपण बाहेर जायचं?"

चेअरमन हसून म्हणाले, "काकांची विनोदबुद्धी!" आणि आभारप्रदर्शन सुरू झालं. काका शाल-नारळाच्या वेळी दिसले नाहीत. ते फाटकाबाहेर मेथीच्या जुड्यांशेजारी बसून भाषणाचं मराठीत भाषांतर करत होते. एका भाजीवालीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंजे आमाला उटवनार न्हाईत ना हितनं?" काका म्हणाले, "त्याबद्दल ते काही बोलले नाहीत."

आता मोटारीची गोष्ट सांगते. कॉलनीतले लोक ती आता वेगळी सांगतात, पण मी तिथं होते.

कॉलनीच्या विहिरीवर पाण्याची मोटार होती. तिच्यासाठी एक छोटी खोली, आणि खोलीभोवती पावसाळ्यात कमरेएवढं गवत. ते काढायला कॉलनीच्या सेक्रेटरींनी एक माणूस आणला. वेल्ह्याच्या बाजूच्या एका वाडीवरचा कातकरी. बायको भोरच्या बाजारात मासे, खेकडे विकायची आणि हा मिळेल ते काम करायचा. दिवसभरात त्यानं अर्धं गवत काढलं. घमेलं काढून द्यायला सेक्रेटरींनी मोटारीची खोली उघडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ कोरडे. लोक विहिरीवर गेले तर खोली उघडी आणि मोटार गायब. आणि नेमका त्याच वेळी तो माणूस उरलेलं गवत काढायला विळा घेऊन फाटकातून आत आला.

पुढचं फार पटकन झालं. चेअरमननी त्याची कॉलर धरली. दुसऱ्यानं हातातला विळा हिसकावला. "मोटार कुठंय? बोल! कुणाला विकली?" माणसं जमली. कुणी बनियनवर, कुणी टाय बांधत आलेलं. मोबाईल वर झाले. तो माणूस काहीच बोलेना, नुसता जमिनीकडे बघत राहिला.

"गप्प बसलाय बघा! म्हणजे यानंच नेलीय."

"हे लोक असलेच."

मागून कुणीतरी त्याच्या डोक्यात चापट मारली. तो थोडा पुढे झुकला, पण हात वर केला नाही. त्यानं हात वर केला नाही हे बघून आणखी दोघांना धीर आला आणि ते बाह्या सरसावत पुढे आले.

तेवढ्यात काका आले. दाढी करता करता उठून आलेले. एका गालावर साबण, दुसरा गाल स्वच्छ, खांद्यावर पंचा. गर्दीत शिरून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पोलिसांना कळवलंत का?"

जो तो चेअरमनकडे बघू लागला. कारण कॉलनीतल्या प्रत्येकाला माहीत होतं की त्या मोटारीला वीज येत होती ती रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबावरून. पोलीस आले असते तर चोरी एकच निघाली नसती.

"पोलीस कशाला उगाच," चेअरमन म्हणाले, "आपापसात मिटवू."

"ठीक आहे. आपापसात. पण रीतसर," काका म्हणाले. "यांची कॉलर सोडा. खुर्च्या आणा."

खुर्च्या म्हटल्यावर चार माणसं सवयीनं पार्किंगकडे धावली. गणपतीत तेच करत असत. काकांनी पहिली खुर्ची त्या माणसापुढे ठेवली. "बसा."

"चोराला खुर्ची?" मागून कुणीतरी ओरडलं.

"चोर कोण ते अजून ठरलेलं नाही. आरोप आहे, एवढंच."

"अहो, पण कोर्टातसुद्धा आरोपीला उभं करतात!"

"करतात," काका म्हणाले. "तिथं मला बोलायची सोय नव्हती. बसा आपण."

तो माणूस खुर्चीऐवजी जमिनीवर उकिडवा बसला. काका वाट बघत उभे राहिले. शेवटी काकू पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि त्याला म्हणाल्या, "बसा हो खुर्चीवर. नाहीतर हे सुरूच करणार नाहीत." तेव्हा तो कडेवर टेकला. पाणी मात्र सगळं प्यायला.

काका चेअरमनकडे वळले. "तक्रार कुणाविरुद्ध?"

"या कातकऱ्याविरुद्ध."

"ते नाव नाही."

"अहो, हा! समोर बसलाय तो!"

"'हा' हेही नाव नाही. नावाशिवाय तक्रार घेता येत नाही."

सेक्रेटरी, ज्यांनी त्याला कामावर आणलं होतं, ते आकाशाकडे बघू लागले. नाव कुणालाच माहीत नव्हतं. काकांनी त्यालाच विचारलं. तो इतक्या हळू बोलला की काकांना वाकावं लागलं. मग काका ताठ झाले, आणि त्या किरकोळ देहात कुठं होता कोण जाणे, असा खणखणीत आवाज निघाला.

"किसन बारकू हिलम! हजर आहेत!"

पहिल्या मजल्यावरच्या दोन खिडक्या उघडल्या. किसननं दचकून मान वर केली.

"मोटार नेताना यांना कुणी पाहिलं?" कुणीच नाही. "खोलीला कुलूप कुणी लावायचं होतं?" सेक्रेटरींनी. "लावलं?" सेक्रेटरी चिडले. "मी तक्रारदार आहे की आरोपी?"

"ते अजून ठरायचंय," काका म्हणाले.

काकूंना राहवलं नाही. "मोटार चोरणारा माणूस दुसऱ्या दिवशी उरलेलं गवत काढायला कशाला येईल?"

"हा युक्तिवाद झाला," काका म्हणाले. "तो योग्य वेळी घेऊ."

"योग्य वेळ होऊन गेली. साबण वाळला तुमच्या तोंडावर."

काकांनी किसनला विचारलं की त्याला काही सांगायचं आहे का. तो गप्प. "ते बोलत नाहीत. न बोलण्याचा त्यांना हक्क आहे," काकांनी जाहीर केलं. "आपल्या बाजूनं बोलणारं कुणी आहे?"

"बायको," किसन म्हणाला. "बाजारात बसलीया."

"म्हणजे वकील दुसऱ्या कामात आहेत," काका म्हणाले, आणि एकही रेघ हलली नाही चेहऱ्यावरची.

आता चेअरमनचा धीर संपला. "पुरे झाला हा तमाशा! निकाल मी देतो," असं म्हणून ते मधल्या खुर्चीत बसले.

"उठा," काका म्हणाले.

"का?"

"ती साहेबांची खुर्ची आहे. तुम्ही तक्रारदार. तक्रारदार तिथं बसत नसतो."

"कोण साहेब? कुठंयत साहेब?"

"जो तुमचाही कुणी नाही आणि यांचाही कुणी नाही, असा माणूस तिथं बसतो." काकांनी सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली. प्रत्येक जण चेअरमनचा शेजारी, मित्र नाहीतर भाडेकरू होता. मग ते म्हणाले, "साहेब रजेवर आहेत. सोमवारी अकरा वाजता."

ते वाक्य ऐकल्यावर जे झालं ते मी डोळ्यांनी बघितलं नसतं तर खरं मानलं नसतं. आमच्यातल्या प्रत्येकाच्या घरात कधी ना कधी कोर्ट येऊन गेलेलं. कुणाची वाटणी, कुणाचा न वटलेला चेक, कुणाच्या मुलीचा घटस्फोट. ते वाक्य सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या कोर्टाच्या दारात ऐकलं होतं आणि त्यावर काय करायचं असतं हे शरीराला पाठ होतं. खांदे पडले. सरसावलेल्या बाह्या खाली आल्या. कुणीतरी जांभई दिली. माणसं वळली आणि पुटपुटत घराकडे चालू लागली. चेअरमनसुद्धा उठले होते.

एकानं मागे वळून विचारलं, "काका, रविवारी नाही का जमणार? सोमवारी रजा टाकावी लागेल."

"सोयीची तारीख आजवर कुणाला मिळालीय का?" काका म्हणाले. "आता जामीन. हिलम यांना जामीन कोण राहतंय?"

"मी," काकू म्हणाल्या.

"नातं काय आपलं यांच्याशी?"

"काही नाही."

"मग का राहता?"

"मला स्वयंपाक करायचाय."

जामीन मंजूर झाला. किसन उठला आणि पाठीमागे न बघता फाटकाबाहेर गेला. विळा मात्र चेअरमननी पुरावा म्हणून ठेवून घेतला. मोटार विळ्यानं कापून नेली का, हे काकांनी विचारलं, पण तोवर चेअरमन जिना चढले होते.

सोमवारपर्यंत कॉलनीत एकच चर्चा, तो काही येत नाही. काका जेवताना घास हातात धरून बसत. मी विचारलं, "नाही आले तर?"

"तर चोर ठरवतील. पण कोर्टात न येणारे सगळे चोर नसतात हो. कुणाकडे एसटीचं तिकीट नसतं, कुणाकडे धीर नसतो. मी पुकारा करायचो, 'गैरहजर' लिहायचो आणि पुढचं प्रकरण घ्यायचो. का गैरहजर, ते लिहायला तिथं जागाच नव्हती."

"आणि जामीन मी आहे," काकू म्हणाल्या. "मला धरून नेतील. जेवा आता."

सोमवारी अकराला पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. त्या दिवशीच्या गर्दीतले निम्म्याहून जास्त तक्रारदार गैरहजर होते. कुणाला मीटिंग, कुणाला पाठदुखी. ज्यानं चापट मारली होती त्यानं ग्रुपवर कळवलं होतं की तो कामानिमित्त पुण्यात आहे, जे ठरेल ते मान्य. आरोपीचाही पत्ता नव्हता. चेअरमन घड्याळ दाखवत म्हणाले, "बघा. सांगितलं नव्हतं?"

मी सहज फाटकाकडे गेले. किसन आणि त्याची बायको फाटकाबाहेर कडुलिंबाखाली बसले होते. पहिल्या एसटीनं आलेले. वॉचमननं आत सोडलं नव्हतं, कारण त्यांना आत सोडायचं नाही असं त्याला चेअरमननीच सांगून ठेवलं होतं.

काका स्वतः जाऊन दोघांना घेऊन आले. बायकोचं नाव हिराबाई. बारीक अंगाची, पण खुर्ची पुढे केल्यावर ती नवऱ्यासारखी घुटमळली नाही. टोपली मांडीवर घेऊन सरळ बसली.

"एवढ्या लवकर येऊन बाहेर का बसलात?" काकांनी विचारलं.

"आमाला कुठं बी भाईरच बसवत्यात. सवं हाय."

"आलात हे बरं केलंत," चेअरमन म्हणाले, जणू हळदीकुंकवाला आल्या होत्या.

"न्हाई आलो आसतो तर चोर झालो आसतो. आलो तर आजचा धंदा बुडला. दोनी बाजूनं आमचंच गेलं," हिराबाई म्हणाली. "आनि काय वो, मोटार घिऊन आमी करनार काय? वाडीवरची हिर दिवाळीलाच आटती. पानी तरी चोरून द्या आदी, मग मोटार चोरतो."

दोघेतिघे हसले आणि चेअरमनकडे बघून थांबले.

"तुमच्या नवऱ्यानं त्या दिवशी तोंडसुद्धा उघडलं नाही. खरं असतं तर बोलला असता," सेक्रेटरी म्हणाले.

"बोलल्याव काय व्हतंय त्ये म्हाईत हाय त्येला. मागं एका फार्महाउसवर बोलला व्हता. दोन दात गेलं. तवापासनं बोलत न्हाई."

काकांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. ते पुढचा प्रश्न विचारणार, तेवढ्यात फाटकातून एक टेम्पो आत आला. ड्रायव्हरनं मांडलेल्या खुर्च्या, गंभीर चेहरे बघितले, टेम्पो बंद केला आणि डोक्यावरची टोपी काढून हळू आवाजात विचारलं, "कोन गेलं वो?"

टेम्पोत मागं मोटार होती.

हा कापूरहोळचा मोटार दुरुस्त करणारा. मोटार आवाज करतेय, सवड मिळेल तेव्हा घेऊन जा, असं सेक्रेटरींनी त्याला मागंच कधीतरी सांगितलं होतं. त्याला सवड नेमकी त्या पहाटे मिळाली. वॉचमन झोपलेला, खोली उघडीच होती. आतली जळकी तार बदलून, नवा रंग मारून तो मोटार परत घेऊन आला होता.

"अरे, पण सांगायचं तरी!" सेक्रेटरी ओरडले.

"मेसेज टाकला की तुमाला. तवाच."

सेक्रेटरींनी मोबाईल काढला. खाली, खाली, आणखी खाली गेले. गुलाब, सूर्योदय, वाफाळता चहा आणि सुविचार यांच्या ढिगाखाली तो मेसेज न उघडता पडला होता.

"चला!" चेअरमन टाळी वाजवून उठले. "शेवट गोड झाला. मोटार मिळाली, विषय संपला."

"मोटारीचा संपला," काका म्हणाले. "कुणी उठू नका."

"अहो, आता काय राहिलं? बरं, सॉरी हं. गैरसमज झाला. चहा घेऊन जा."

"चोर मराठीत म्हणाला होतात," काका म्हणाले. "माफी इंग्रजीत चालणार नाही."

तेव्हा हिराबाई म्हणाली, "माफी नगं मला." सगळे तिच्याकडे बघू लागले. "त्या दिशी ज्यांनी मोबाईल काडलं व्हतं त्येस्नी बोलवा. कॉलर धरल्याली, मारल्यालं, समदं आलं आमच्या वाडीवर. पोरीच्या शाळंत दावलं येकमेकांला. पोरगी दोन दिस झालं शाळंला गेली न्हाई. आता मोबाईल काडा आनि त्येच्यात म्हना."

"काय म्हणू?" चेअरमननी विचारलं.

"जे खरं हाय ते."

मीच मोबाईल धरला. ज्या माणसाच्या हातून माईक सुटत नसे, त्या माणसाला दोन वाक्यं बोलायला तीनदा प्रयत्न करावे लागले. पहिल्यांदा ते 'या इसमानं' म्हणाले. काकांनी थांबवलं. दुसऱ्यांदा ते नाव विसरले. हिराबाईनं सांगितलं, शाळेत उत्तर सांगतात तसं, सावकाश. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "किसन बारकू हिलम यांनी चोरी केलेली नाही. मोटार आमच्याच माणसानं नेली होती. आम्ही यांना विनाकारण मारलं."

"मोट्यानं म्हना. त्या दिशी मोट्यानं वरडला व्हता."

चौथ्यांदा घेतलं.

मग काका किसनकडे वळले. "आपल्याला काही म्हणायचं आहे?"

किसननं आधी हिराबाईकडे पाहिलं, मग चेअरमनकडे. कुणी घाई केली नाही. काकांच्या समोर करताच आली नसती. शेवटी तो म्हणाला, "इळा."

चेअरमन स्वतः वर जाऊन विळा घेऊन आले. किसननं धारेवरून अंगठा फिरवला, विळा पाठीमागे कमरेला खोचला आणि दोघं निघाले.

"अहो, ते उरलेलं गवत?" सेक्रेटरींनी हाक मारली.

"तुमचं तुमी काडा," हिराबाई म्हणाली. मागे वळून तिनं बघितलंही नाही.

पहिला व्हिडिओ पुण्यापर्यंत जाऊन आला होता. दुसरा कॉलनीच्या फाटकाबाहेर पडेना. कुणी पुढे पाठवीना. काकांकडे तोवर बटणांचा फोन होता. ते बाजारात जाऊन मोठा मोबाईल घेऊन आले आणि माझ्याकडून तो व्हिडिओ पाठवायला शिकले. मग कुणीही गुलाबाचं फूल टाकून 'शुभ सकाळ' म्हटलं की उत्तरादाखल काकांकडून चेअरमन बोलताना दिसत. नातेवाईक, डॉक्टर, गॅस एजन्सी, कुणी सुटलं नाही. हिराबाईच्या मुलीच्या शाळेचा पत्ता त्यांनी काढला आणि एके दिवशी एसटीनं तिकडे जाऊन मुख्याध्यापकांच्या परवानगीनं सगळ्या वर्गांत तो दाखवून आले. येताना खेकडे घेऊन आले. ते स्वतः खात नसत. काकूही नाही. ते मला खावे लागले.

त्या संध्याकाळी अंगणात बसलो असताना ते अचानक म्हणाले, "आयुष्यभर तारखा दिल्या. लोक त्या घेऊन जायचे, आणि मला ठाऊक असायचं की याचा काही उपयोग नाही. ही एकच कुणाच्या कामाला आली."

"बोलत काय बसलाय, दोरीवरचं तुमचं पांघरूण आत घ्या," काकू आतून म्हणाल्या.

कॉलनीनंही आपल्या परीनं धडा घेतला. मोटारीच्या खोलीला दोन कुलपं लागली. खांबावरची वीज तशीच राहिली. पुढच्या शिबिरात चेअरमननी 'आमच्या कॉलनीनं एका आदिवासी बांधवाला कसा न्याय मिळवून दिला' यावर भाषण केलं आणि टाळ्या घेतल्या. आणि फाटकावर एक नवा फलक आला: 'अनोळखी व्यक्ती व फेरीवाले यांना प्रवेश बंद.' काकांनी सभेत विरोध केला. जे अजून आलेच नाहीत त्यांना ऐकून न घेता शिक्षा कशी देता, असं विचारलं. ठराव एका मताच्या विरोधानं पास झाला. काकूंना मत नव्हतं, घर काकांच्या नावावर होतं.

त्यानंतर माझी बदली झाली. परवा दोन वर्षांनी कामानं भोरला गेले तेव्हा मुद्दाम वाकडी वाट करून कॉलनीत गेले. फाटकाशी काका खुर्ची टाकून बसलेले. मान थोडी थरथरायला लागली होती, पण शर्टाची वरची गुंडी तशीच लावलेली. समोर एक रिकामी खुर्ची. बाजूला वॉचमन, सगळं सवयीचं झाल्यासारखा तंबाखू मळत उभा.

"हे काय, काका?"

"फलक वाचलात ना? अनोळखी माणसाला आत सोडायचं नाही. नियम मोडता येत नाही. मग मी रोज सकाळी इथं बसतो आणि ओळख करून घेतो. नाव, गाव, घरी कोण कोण. एवढं झालं की अनोळखी राहत नाहीत. जातात आत."

"आणि चेअरमन?"

"त्यांनी नियम समितीकडे पाठवलाय. समितीची सभा पुढं ढकललीय." काका पहिल्यांदाच किंचित हसले.

मी आत जायला निघाले तर त्यांनी हात आडवा केला.

"थांबा. तुमच्या आधी या आल्यात."

माझ्या पुढे एक म्हातारी उभी होती. डोक्यावर करवंदांची पाटी, हातात पळसाची पानं. काकांनी तिला रिकामी खुर्ची दाखवली. "बसा आपण. दमून आलात. पाटी खाली ठेवा. हं, सांगा."

म्हातारीनं पाटी उतरवली, पदरानं तोंड पुसलं आणि सावकाश, ऐसपैस सांगायला सुरुवात केली. आधी माहेरचं गाव, मग सासरचं. उन्हात मी माझ्या नंबराची वाट बघत तिच्या मागे उभी राहिले.